काही न करण्याची सहल

बातमी फुटली ती प्रश्नपत्रिकेमुळे.

प्रश्नपत्रिका म्हणजे घरातली नात, वय वर्षं पाच. हे नाव तिच्या आत्याने ठेवलं होतं. आत्या एका शाळेची मुख्याध्यापिका. पोरीच्या तोंडून एकामागून एक सवाल सुटताना बघून तिला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. पोरीच्या धाकट्या भावाचं नाव आजोबांनी ठेवलं होतं, भोंगा. आजोबांची सगळी हयात अग्निशामक दलात गेली होती, आणि त्यांच्या मते त्यांच्या बंबालाही असा आवाज नव्हता.

तर या प्रश्नपत्रिकेने फोनवर आजोबांना विचारलं, "आजोबा, आपण दुसऱ्या शहरात फिरायला गेलो आणि कुणालाच सांगितलं नाही, तर ते खोटं बोलणं होतं का?"

झालं! रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावणं आलं.

"नुसतं जेवायचं आणि यायचं," निघताना नवरा म्हणाला.

"जेवायला नाही बोलावलंय आपल्याला," सून म्हणाली. "आपल्यालाच ताटात वाढून घेणार आहेत आज."

सून दात बनवायची. दवाखान्यांकडून साचे यायचे आणि त्यावरून ती कवळ्या घडवायची. दिवसभर परक्या माणसांच्या जबड्यांशी झटायचं आणि घरी यावं तर दोन तोंडं उघडी ठेवून तिची वाट बघत असायची. यंदा उन्हाळ्यात कारखान्यातली भट्टी बिघडली आणि अवचित सुट्टी मिळाली. भट्टी बिघडल्याचा एवढा आनंद मालकाला कळला असता तर त्याने तिच्यावरच संशय घेतला असता. दुसऱ्या शहरात दोन रात्री राहायची जागा तिने त्याच दिवशी ठरवून टाकली. नवरा, ती आणि दोन पोरं. बाकी कुणी नाही. हा 'बाकी कुणी नाही'चा भाग तिला सगळ्यात गोड वाटत होता.

जेवणं उरकली. बाहेर ऊन मी म्हणत होतं. आईंनी पडदे ओढून घेतले, पंखा वाढवला आणि कलिंगडाच्या फोडी मांडल्या. ताईने, म्हणजे पोरांच्या आत्याने, पिशवीतून नकाशा काढून टेबलावर पसरला. नकाशा कुणी मागितला नव्हता.

"पहिल्या दिवशी सकाळी किल्ला," ताई म्हणाली आणि किल्ल्यावर तिने कलिंगडाची एक बी ठेवली. "ऊन चढायच्या आत वर जाऊन खाली. मग संग्रहालय. तिथे गार असतं. तिथून होडी. होडीतून उतरलं की जुना बाजार समोरच आहे, आणि बाजाराच्या टोकाला मनोरा."

"मनोऱ्याला जिना कसा आहे?" बाबांनी विचारलं.

"लिफ्ट आहे, बाबा," नवरा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, त्यामुळे या विषयात त्याचा शब्द शेवटचा असायला हरकत नव्हती.

"आगीत लिफ्ट वापरायची नसते."

"मनोऱ्याला आग लागलेली नाहीये."

"अजून," बाबा म्हणाले. मग सुनेकडे वळले. "आणि राहायची जागा कुठल्या मजल्यावर?"

"तिसऱ्या."

"मागून जिना आहे?"

सुनेला माहीत नव्हतं. तिने पोरांना काडेपेटी खेळायला दिली असावी तसं बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

"मी विचारून घेतो," नवरा घाईने म्हणाला. "आणि ताई, ते संग्रहालयाचं चांगलं आहे हं. होडीपण."

हा नवऱ्याचा जुना रोग. घरात सगळे म्हणायचे, जो बटण दाबेल त्याच्या मजल्यावर हा जातो. लग्नाच्या वेळी ते सुनेला फार गोड वाटलं होतं, कारण तेव्हा बटण तिच्या हातात होतं.

नकाशावर बिया वाढत गेल्या. भोंगा टेबलाखालून हात घालून एक एक बी पळवत होता, त्यामुळे किल्ला दोनदा नव्याने ठरवावा लागला.

"वहिनी, तू गप्पच," शेवटी ताई म्हणाली. "तुझा काय बेत आहे ते तरी सांग."

"काही न करण्याचा."

"म्हणजे?"

"म्हणजे सकाळी गारव्यात जरा चालायचं. पोरं दमली की परत यायचं. दुपारी झोपायचं. संध्याकाळी पोरांना पाण्यात खेळू द्यायचं आणि आईस्क्रीम. फार तर दिवसाला एखादी गोष्ट बघायची. नाही बघितली तरी चालेल."

ताईने हातातली बी खाली ठेवली. शाळा बुडवणाऱ्या मुलाच्या पालकांशी बोलताना ती असा चेहरा करायची.

"अगं, पण काही करायचंच नाही तर घरीच का नाही बसत?"

"घरी बसलं की घर दिसतं, ताई."

सगळे हसले. हसल्या नाहीत त्या फक्त आई. त्यांनी सुनेकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, टेबलावरचं पाणी पुसलं, फडकं पिळलं आणि सहज मीठ मागावं तसं म्हणाल्या, "यांनाही न्या की बरोबर."

यांनाही म्हणजे बाबांना.

बाबांनी फोड तोंडापाशीच थांबवली. "मला?"

"हो. पोरांना सांभाळायला एक माणूस होईल."

"चालेल की!" नवरा म्हणाला. बटण दाबलं गेलं होतं.

सून उठली. "जरा आत येता का?" असं तिने नवऱ्याला इतकं गोड विचारलं, की तो जागीच घाबरला.

स्वयंपाकघरात त्यांचं भांडण कुजबुजत झालं. कुजबुजत भांडायला जोर जास्त लागतो.

"चालेल की? काय चालेल की?"

"अगं, आई म्हणाली म्हणून..."

"आई म्हणाल्या बंब घेऊन जा, तर तेही चालेल का? दोन खोल्या आहेत तिथे. बाबा पहिली रात्र मागचा जिना शोधण्यात घालवतील. दुसऱ्या दिवशी पोरांना धुरात रांगायला शिकवतील."

"ते मागच्या उन्हाळ्यातच शिकवलंय," नवरा म्हणाला, आणि आपण कुणाची बाजू घेतोय हे ध्यानात येऊन गप्प झाला.

एवढ्यात आई आत आल्या. "तू जा बाहेर. भोंग्याने बी नाकात घातलीय का बघ." नवरा सुटका झाल्यासारखा पळाला. आईंनी दार लोटलं आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"रागावलीस?"

"नाही हो."

"रागावलीसच. रागावायलाच हवं. पण ऐकून घे." त्यांनी आवाज खाली आणला. "हे ड्युटीवर असायचे तेव्हा काळजी होती, पण घर माझं होतं. आता निवृत्त झाल्यापासून कुठे आग नाही, तर माझ्या शेगडीवर डोळा ठेवून बसतात. मी गॅस बंद केला की मागून येऊन पुन्हा बंद करतात. परवा मी जरा पडले होते तर खांद्याला हलवून विचारलं, श्वास नीट चालू आहे ना!"

सुनेला हसू आवरेना.

"हस. तू हस. मला दोन दिवस या घरात एकटीला राहायचंय. सकाळी उठून काही करायचं नाही. तू मघाशी म्हणालीस ना ते ऐकलं, आणि तोंडातून निघूनच गेलं."

सासूने तिच्याजवळ काही मागण्याची ही पहिलीच वेळ होती. आजवर आईंनी दिलं होतं, सुचवलं होतं, टोमणेही मारले होते, पण मागितलं नव्हतं.

"पण आई, तुमची सुट्टी माझ्या सुट्टीतूनच कापून घ्यायची का?"

"ते मलाही कळतंय. दुसरं कापड कुठे आहे माझ्याकडे?"

आता भांडण संपलं होतं आणि अडचण तशीच होती. तेवढ्यात दार उघडून ताई आत आली. घरातलं बंद दार म्हणजे वर्गातला बंद दरवाजा, न ठोठावता उघडायचा, असा तिचा समज होता.

"मी विचार केला," ताई म्हणाली. "बाबा जाणार असतील तर मीही येते. शाळेला सुट्टीच आहे. पोरांना मी बघेन, बाबांना मी बघेन. तुम्ही दोघं निवांत."

"नको!" सासू-सुना एकदमच म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांचं असं एकमत झालं नव्हतं.

ताईचा चेहरा पडला, पण तिने तो लगेच उचलला. "बरं, बरं. मी आपलं मदत म्हणून म्हटलं. कुणाच्या तरी गळ्यात बांधावेच लागणार ना त्यांना!"

मैदानावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा असा तिचा आवाज होता. बाहेर पंखा फिरत होता, आणि पंख्याखेरीज दुसरा कसलाच आवाज येत नव्हता.

दारात प्रश्नपत्रिका येऊन उभी राहिली. हात कलिंगडाने चिकट.

"आजोबा विचारतायत," ती म्हणाली, "गळ्यात म्हणजे कुणाच्या?"

पोरीने थोडी वाट पाहिली आणि "त्यांना सांगते, माहीत नाही म्हणून," असं म्हणून ती निघून गेली.

"मी जाते," ताई म्हणाली, पण तिचा पाय हलला नाही. आईंनी पदराने ओटा पुसायला घेतला, जो आधीच स्वच्छ होता. शेवटी सूनच बाहेर आली.

बाबा टेबलाशी नव्हते. मागच्या अंगणात भिंतीची सावली पडली होती, तिथे त्यांनी बागेची नळी सोडली होती. भोंगा नुसत्या चड्डीवर, आणि नळीचं तोंड त्याच्या दोन्ही मुठींत. मागून बाबांनी नळी आपल्या काखेत दाबून धरली होती.

"पाय फाकव. हां. पाणी मागे ढकलतं, आपण पुढे झुकायचं. मुळाशी मारायचं, ज्वाळेवर नाही."

भोंगा एका कुंडीला विझवत होता. आनंदाने त्याचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज निघत नव्हता, ही या घरातली नवलाची गोष्ट होती.

"बाबा," सून म्हणाली.

"ऐकलं मी. कान शाबूत आहेत अजून."

"ताईंना तसं म्हणायचं नव्हतं."

"तसंच म्हणायचं होतं. शब्द बरोबर आहे. गळ्यात लोढणं बांधतात, आणि लोढणं स्वतःहून कुठे जात नाही." त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "तू सांग. इतर सगळे माझ्याशी गोड बोलतात. मी यायला हवाय का तुला?"

हो म्हणणं सोपं होतं. नवऱ्याने एव्हाना म्हटलं असतं. सुनेच्या मनात आलं, आत्ता हो म्हणाले तर हा माणूस आयुष्यभर माझ्याकडूनही गोडच ऐकत राहील.

"नाही," ती म्हणाली.

नळीतून पाणी वाहत होतं.

"म्हणजे तुम्हीच नको असं नाही, बाबा. मला कुणीच नकोय. पडदे ओढून दुपारी पोरांच्या मधे झोपायचंय. आणि उठल्यावर 'आता पुढे काय' असं कुणी विचारायला नकोय."

बाबांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसतायत हे कळायला तिला जरा वेळ लागला.

"बरं झालं! या घरात 'नाही' म्हणणारं एक माणूस तरी आलं. माझा मुलगा तर..." त्यांनी हवेत एक बटण दाबून दाखवलं. "अगं, मलाही यायचं नव्हतं. वाटलं, बोलावतायत तर जायला हवं. म्हणून जिन्याची चौकशी करून ठेवत होतो. घंटा वाजली की निघायचं, एवढंच येतं मला. नुसतं कुठे फिरायला जायचं असतं, ते कधी केलंच नाही."

"एकदा निघालो होतो."

ताई दारात उभी होती. ती कधी आली ते दोघांनाही कळलं नव्हतं. आवाज तिचाच होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा नव्हता.

"धाकटा जन्मलाही नव्हता तेव्हा. उन्हाळाच होता. आई, तुम्ही आणि मी. बॅग भरून दाराशी ठेवली होती. आणि तुम्हाला बोलावणं आलं. आलोच म्हणालात. मी टोपी घालून पायरीवर बसून राहिले. अंधार पडला तेव्हा आईने उचलून आत नेलं."

बाबा आठवत राहिले. त्यांचं कपाळ आक्रसलं.

"कापडाच्या गोदामाची आग होती ती," ते हळू म्हणाले. "वारा सुटला होता. छत कुठून कोसळलं तेसुद्धा आठवतंय मला." थोडं थांबून ते म्हणाले, "टोपी नाही आठवत."

"पिवळी होती."

"कुठल्या शहराला निघालो होतो आपण?"

"याच," ताई म्हणाली.

सुनेला एकदम टेबलावरचा नकाशा उमगला. किल्ला, संग्रहालय, होडी, बाजार. ताई त्या शहराला कधी गेली नव्हती, तरी होडीतून उतरल्यावर समोर काय आहे ते तिला पाठ होतं. इतकी वर्षं सगळे तिला हसायचे, की ही बाजारात भाजी आणायला निघाली तरी कोणत्या गल्लीने जायचं ते रात्री ठरवून झोपते. सून स्वतःही हसली होती, मागच्याच महिन्यात. तिला स्वतःची जरा लाज वाटली.

बाबांनी नळ बंद केला. भोंग्याने हातातल्या कोरड्या नळीकडे पाहिलं आणि आपलं नाव सार्थ केलं. सुनेने त्याला कडेवर घेतलं, आणि त्या गदारोळातच बाबा मोठ्याने म्हणाले, "मग आपण दोघं जाऊ!"

"काय?"

"तू आणि मी! किल्ला, होडी, काय असेल ते! मनोऱ्याचा जिना बघून घेऊ!"

"तेव्हा मनोरा नव्हता माझ्या यादीत," ताई म्हणाली. "तेव्हा तो बंद होता." आणि मग तिला आपण काय ऐकलं ते कळलं. तिने चष्मा काढला, ओढणीने पुसला आणि वाकडाच घातला.

स्वयंपाकघराची खिडकी उघडली. आईंचं डोकं बाहेर आलं. त्या सगळं ऐकत होत्या हे लपवायची त्यांनी तसदी घेतली नाही.

"हे चौघं जातायत त्याच दिवशी जा," त्या म्हणाल्या. "आणि लवकरची गाडी पकडा."

"त्याच दिवशी, त्याच शहरात?" सून दचकली.

"घाबरू नकोस," बाबा म्हणाले. "रस्त्यात दिसलो तरी ओळख दाखवणार नाही आम्ही. तुम्ही कोण, आम्ही कोण!"

"आणि मी कुणाच्या सहलीत?" प्रश्नपत्रिकेने विचारलं. ती आपल्या आईच्या आणि आजोबांच्या मधे येऊन उभी होती.

"आमच्या, अर्थात," सून म्हणाली.

"त्यात होडी आहे?"

"त्यात झोप आहे."

पोरीने फार विचार केला नाही. "मी आजोबांच्या सहलीत. झोपायला तुमच्याकडे येईन."

कुणीच नको, असं सून मघाशी छातीठोकपणे म्हणाली होती. त्या 'कुणीच'मध्ये ही पोर नव्हती. पण पोरीने आजोबांचं बोट धरलंही होतं आणि होडी बुडाली तर आधी कोण पोहायचं, याची चौकशी सुरू केली होती. बाबा तिला सविस्तर उत्तर देत होते. एवढं सविस्तर उत्तर पोरीला आजवर कुणी दिलं नव्हतं.

"अंधार पडायच्या आत आणून सोडायचं," सून म्हणाली. "आणि टोपी डोक्यावरून काढू द्यायची नाही."

"ओळख न दाखवता कसं सोडणार?" बाबांनी विचारलं.

"तेवढ्यापुरती दाखवा."

संध्याकाळी ऊन उतरल्यावर निघायची तयारी झाली. नवऱ्याला आता प्रत्येकजण येऊन नवा बेत सांगून गेला होता आणि त्याने प्रत्येकाला "चालेल की" म्हटलं होतं. या खेपेला ते सगळ्यांनाच लागू पडत होतं, म्हणून त्याची मान ताठ होती.

सून बुटांच्या शोधात मागच्या खोलीत गेली, तर ताई तिच्या मागोमाग आली.

"वहिनी, एक विचारू?" ताई दाराला टेकली. "ते दुपारी तुम्ही काहीच ठेवलेलं नाही, ते कसं असतं? म्हणजे ऊन फार असणार. बाबांना सकाळनंतर थांबावंच लागेल. मग नुसतं खोलीत बसून आम्ही दोघांनी करायचं काय?"

"बोला."

"काय बोलू?" ताईने विचारलं. साऱ्या शाळेला वाक्यामागून वाक्य ऐकवणारी बाई खरोखरच विचारत होती.

"मला काय माहीत, ताई. ती वेळ रिकामी राहू द्या."

ताईने मान हलवली. तिला ते पटलं नव्हतं, पण तिने पर्यायही सुचवला नाही. ती तशीच मागच्या दाराकडे गेली. अंगणात बाबा नळीची वेटोळी करून खिळ्याला लावत होते. एकावर एक, सारखी, जशी दलात लावायची. ताई पायरीवर थोडा वेळ नुसती उभी राहिली.

"बाबा."

"हं?"

"गाडीत खिडकीपाशी मी बसणार हं."

बाबांनी वळून पाहिलं. पन्नाशीकडे झुकलेली त्यांची लेक, चष्मा अजूनही वाकडाच.

"बस की," ते म्हणाले. "तुझीच आहे ती जागा."

मागच्या खोलीत सुनेला पोरीचा एक बूट सापडला होता. दुसरा मागच्या पायरीखाली दिसत होता, ताईच्या अगदी पायाशी. तो आणायला ती गेली नाही. पोरीला कडेवर घेऊन तिने एकाच बुटावर घरी नेलं.